टाळी १२ वाजून २५ मिनिटांनीच लागू द्या

वाचकाचं पत्र:

सप्रेम नमस्कार. आम्ही पारोळा तालुक्यातले. येत्या मे महिन्यात धाकट्या मुलीचं लग्न आहे, मुहूर्त दुपारी १२ वाजून २५ मिनिटांचा. माझे सासरे, आप्पा, गावच्या सोसायटीचे जुने चेअरमन. पत्रिकेत टाकायला त्यांनी पुढाऱ्यांची नावं काढली, ती पाऊणशेच्या पुढे गेली. मांडवात या सगळ्यांचा टॉवेल-टोपी-नारळ देऊन सत्कार करायचा, असं म्हणतात. भाऊबंदांतल्या एकाचा मुलगा मुंबईला मालिकांमध्ये काम करतो. त्यालाही बोलवायचंच, "आपलाच पोऱ्या शे तो!" नवरदेवाकडचे धुळ्याचे, त्यांना डीजे हवा. मोठ्या मुलीच्या लग्नात टाळी लागायला, म्हणजे लग्न लागायला, अडीच तास उशीर झाला आणि माझी आई उन्हात चक्कर येऊन पडली. मला तसं पुन्हा नको. आमचे हे दोन्हीकडून गप्प. आप्पांना न दुखावता काय करू? आणि आणखी एक. कुणी टीव्हीवर दिसला की अख्खा गाव त्याला आपला म्हणून मिरवतो, मला त्याची चीड येते. माझं चुकतं का?

— एक वधुमाय

ताई,

तुमच्या आईला चक्कर आली, ही ओळ वाचली आणि बाकीच्या पत्राकडे बघायची माझी नजरच बदलली. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या घरात जातो, पारोळ्याला त्याहून फार सुख नसतं. अशा उन्हात सत्तरीची माणसं, लेकुरवाळ्या सुना, एसटीनं उभ्यानं आलेले पाहुणे उपाशीपोटी अडीच तास मांडवात बसून राहतात, आणि का, तर कुणीतरी अजून रस्त्यात आहे म्हणून. तेव्हा सगळ्यात आधी हे सांगते की लग्न वेळेवर लावण्याच्या गोष्टीत माघार घेऊ नका. बाकी ठिकाणी द्यायला-घ्यायला पुष्कळ जागा आहे, आणि आप्पांना तर या लग्नात खूप काही देता येईल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण आप्पांशी कोणत्या तोंडानं बोलायचं ते त्यावरच ठरणार आहे.

आपल्याकडे मोठ्या माणसाशी नातं सांगायची हौस आहे, हे खरं. प्रतिभाताई पाटील २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांचं जन्मगाव बोदवड तालुक्यातलं नाडगाव. त्यांच्याशी दूरचं-जवळचं नातं सांगणारं कुणी ना कुणी तुम्हाला भुसावळच्या फलाटावरसुद्धा भेटेल. स्मिता पाटील जन्मल्या पुण्यात, पण वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरकडचे, म्हणून धुळे जिल्ह्यात त्या आजही घरच्या लेकीसारख्या. उज्ज्वल निकम टीव्हीवर बोलताना दिसले की जळगावात दुकानातला माणूस गिऱ्हाइकाला थांबवून सांगतो, हे आपले. आणि अमळनेर तर तुमच्या शेजारीच आहे. १९४५ साली मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी तिथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला, त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. वडील गेले तेव्हा १९६६ साली अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला, त्या वेळी ते अवघे २१ वर्षांचे होते. गावातल्या साध्यासुध्या लोकांनी त्या काळी घेतलेले थोडेथोडके शेअर न विकता जपून ठेवले आणि पुढे त्यातली कितीतरी घरं कोट्यधीश झाली. अमळनेरचा माणूस ही गोष्ट सांगायला लागला की त्याला थांबवू नये. त्या गोष्टीत त्याच्या आजोबांचा धीर असतो, आजीनं जपलेली लोखंडी पेटी असते, आणि आपल्या गावातून एवढं मोठं काही निघालं याचं नवल अजूनही ताजं असतं.

ही हौस मला मनापासून आवडते. मुंबई-पुण्याच्या बातम्यांत खान्देश येतो तो उन्हाच्या पाऱ्यासाठी, नाहीतर वादळानं आडव्या झालेल्या केळीच्या बागांसाठी. पोरं शिकली की गाडीत बसतात ती नाशिक, पुणे, सुरत, मुंबईकडे. अशा मुलखातल्या म्हाताऱ्याला पडद्यावर ओळखीचं आडनाव दिसलं, ओळखीचा हेल ऐकू आला, तर त्याचा ऊर भरून येणारच. आप्पा "आपलाच पोऱ्या शे तो" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात त्या मुलाचे आईबाप असतात, त्याचं घर असतं, त्याला लहानपणी मळ्यात पळताना पाहिलेलं असतं. यावर चिडू नका. उलट एखाद्या संध्याकाळी नातीला त्यांच्याजवळ बसवा आणि सगळं ऐकून घ्या. सासरी जाणाऱ्या पोरीला तेही बरोबर न्यायला मिळेल.

तुमची चीड पूर्ण चुकीची आहे असंही मी म्हणणार नाही. त्या मुलानं परगावी राहून, ऑडिशनच्या रांगा लावून काही मिळवलं याचा अभिमान वेगळा आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून फोटो काढून घ्यायची धडपड वेगळी. पहिल्यात आप्पांना साथ द्या. दुसरी गोष्ट मांडवात शिरली की लग्न नवऱ्या-नवरीचं राहत नाही, आणि तिथे तुम्ही अडून बसलात तर मी तुमच्या बाजूनं आहे.

मला वाटतं, आप्पांशी बोलताना कानबाईचा, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाचा, विषय काढा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते, सारा भाऊबंद एका ठिकाणी गोळा होतो, रोट होतात, रात्रभर जागर होतो आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत ती नदीला जाते. त्या घरात आमदारही येतो आणि सालदारही येतो, दोघंही चौरंगापुढे सारखेच वाकतात. कुणी यायचं राहिलं म्हणून कानबाई उठवायची थांबलीय, असं आप्पांनी उभ्या आयुष्यात पाहिलंय का, विचारा. पाहिलं नसणार. वेळ पाळणं हे शहरातून आलेलं खूळ आहे असं त्यांना वाटत असेल, तर ते आपल्याच घरात दरवर्षी पाळलं जातं हे त्यांना त्यांच्याच देवघरातून दाखवता येईल. चेअरमन राहिलेल्या माणसाला हा मुद्दा पटायला वेळ लागत नाही. त्यांना आदेश आवडत नाही, पण रीत कळते.

सत्काराचं मात्र नीट बसून ठरवावं लागेल, कारण उशिराचं मूळ तिथेच आहे. दाट तिथीला एकेका पुढाऱ्याला दिवसभरात दहा-पंधरा लग्नं असतात. पहिलं लग्न त्याच्यासाठी अर्धा तास थांबतं, म्हणून तो दुसऱ्याला एक तास उशिरा पोचतो आणि दुसरंही थांबलेलंच असतं. असे सगळे मांडव एकमेकांसाठी खोळंबतात आणि त्याचा घाम निघतो तो पाहुण्यांचा. त्या माणसाचीही यातून सुटका हवी असते, फक्त ते बोलून दाखवायची सोय नसते. म्हणून ज्यांना खरंच बोलवायचं आहे, त्यांना आप्पांनी स्वतः फोन करावा आणि स्पष्ट सांगावं: "भाऊ, टाळी १२ वाजून २५ मिनिटांनी लागेल. आधी आलात तर अक्षता टाका, नंतर आलात तर आमच्यासोबत जेवा." हा फोन तुम्ही करून उपयोग नाही. आप्पांच्या तोंडून गेला तर त्यात मान आहे आणि वेळही आहे.

सत्कार हळदीच्या संध्याकाळी ठेवा. ऊन उतरलेलं असतं, माणसं निवांत असतात, अंगणात खाटा टाकलेल्या असतात. ज्यांनी खरोखर तुमच्या घरासाठी काही केलं, अडचणीच्या साली सोसायटीत आप्पांच्या मागे उभे राहिले, मुलीला शिकवलं, विहिरीच्या वेळी मदतीला धावले, त्यांना बोलवा. आप्पांनी प्रत्येकाबद्दल चार वाक्यं स्वतः बोलावीत. माईकवरून धडाधड पाऊणशे नावं घेत, चुकीच्या माणसाच्या डोक्यावर चुकीची टोपी ठेवून होणाऱ्या सत्कारापेक्षा आप्पांनी खांद्यावर हात ठेवून बोललेली चार वाक्यं माणूस जन्मभर विसरत नाही. आणि टॉवेल-टोप्या घ्यायचंच थांबवा. त्या पुढच्या लग्नात कुणा दुसऱ्याला जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. कितीतरी घरं आता पत्रिकेतच लिहितात की सत्कार होणार नाही, तुम्हीही एका ओळीत लिहून टाका.

पत्रिकेतल्या नावांबद्दल एक गोष्ट पक्की धरा. एकही पुढारी न छापणं सोपं असतं, चार छापणं फार अवघड. चार छापले की पाचवा रुसतो, आणि पाचव्याचा पुतण्या तुमच्या जावयाच्या ऑफिसात निघतो. एकही नाव नसलं तर विचारणाऱ्याला सांगता येतं की फक्त घरची नावं टाकली. घरची नावं मात्र सगळी घ्या. चुलत, मावस, आत्याकडचे, मामाकडचे, एकही घर सुटू देऊ नका, आणि ती यादी आप्पांना वाचून दाखवून मगच छापायला द्या. तिथे चूक झाली तर वर्षानुवर्षं बोललं जातं. पोरांच्या नावांची "आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं" ही ओळ मला फार आवडते, ती राहू द्या.

सूत्रसंचालक गावातलाच हौशी असेल तर त्याला आदल्या दिवशी चहाला बोलावून कार्यक्रम कागदावर लिहून द्या. मंगलाष्टकं कोण म्हणणार, किती म्हणणार, तेही त्यात असू द्या. आणि १२ वाजल्यानंतर माईक कुणाच्या हातात असणार हे आधीच ठरवा. तुमचा भाऊ असेल तर उत्तम. मुलीच्या मामाला त्या दिवशी कुणी नाही म्हणत नाही.

आता डीजे. धुळ्याच्या मंडळींची हौस मोडू नका. आपल्याकडचं लग्न नाचाशिवाय होत नाही, आणि अहिराणी गाणं लागलं की पाय थांबत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. अडचण एवढीच आहे की मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंतचा पाच मिनिटांचा रस्ता नाचत यायला दोन तास लागतात, आणि ते दोन तास नेमके मुहूर्ताच्या आधीचे असतात. विहीणबाईंना तुम्ही स्वतः फोन करा, यजमानांना मध्ये घालू नका. त्यांना सांगा की नाच हळदीच्या रात्री मनसोक्त होऊ द्या, आम्हीही नाचायला येतो. लग्नाच्या दिवशी वाजंत्री १० वाजता सुरू करा आणि ११.३० ला नवरदेव पारावरून निघू द्या. बँड लावा, डीजे नको. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीमागे चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, तान्ही मुलं दचकून रडत राहतात. रात्रीबद्दल कायदाही स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही, आणि वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५ आहे. पण विहीणबाईंशी बोलताना कायदा काढू नका. तुमच्या आईला उन्हात काय झालं होतं ते सांगा. मुलाच्या आईला ते लगेच कळेल, तिच्याकडेही कुणीतरी म्हातारं आहेच.

उन्हाची तयारी तुम्ही करणारच, तरी दोन गोष्टी सांगते, कारण त्या हमखास राहून जातात. मांडवात कूलर लावतात आणि ऊन येऊ नये म्हणून चारही बाजूंनी पडदे सोडतात. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, ती हवा बाहेर जायला वाट नसेल तर आत दमट होतं आणि माणसं जास्तच घामाघूम होतात. कूलरच्या समोरची बाजू उघडी ठेवायला मांडववाल्याला बजावून सांगा. दुसरं म्हणजे पाणी. माठ आणि मिठाचं-साखरेचं लिंबूपाणी बसल्या जागी फिरवायला चार पोरं नेमा, म्हाताऱ्यांना उठून पाण्यापर्यंत जायला लावू नका. तहान लागली नाही असं ते म्हणतील, तरी द्या.

जेवणाचा तर वेळेशी थेट संबंध आहे. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचं जेवण असेल, तर बट्टी तळली की लगेच पानात पडली पाहिजे. तासभर थांबलेली बट्टी चिवट होते, तुपात कितीही बुडवली तरी पुन्हा तशी होत नाही. बासुंदी, श्रीखंड असं दुधाचं गोड मेमध्ये ठेवूच नका. एवढ्या उष्णतेत शिजलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त उघडं राहिलं तर पोटं बिघडायला वेळ लागत नाही. शिरा किंवा जिलेबी निर्धास्त चालते. आचाऱ्याला सांगून ठेवा की टाळी लागल्याचा आवाज आला की पहिली कढई चढवायची. आचारी लोकांनाही वेळेवर लागणारं लग्न फार प्रिय असतं, त्यांचं तेल वाचतं.

तो मालिकेतला मुलगा. त्याला बोलवा, जरूर बोलवा, पण घरचा म्हणून. आप्पांनी त्याच्या आईवडिलांकडे जाऊन हळदी-कुंकू लावून निमंत्रण द्यावं, त्यात त्याचंही येईल. तो येण्याचे पैसे मागत असेल तर नम्रपणे हात जोडा आणि विषय सोडा, भाऊबंदकीत मानधन शिरलं की पुढच्या सगळ्या लग्नांचा भाव ठरतो. रस्त्याच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो नवऱ्या-नवरीपेक्षा मोठा छापू नका. खरंतर फ्लेक्स लावूच नका असं मी सांगेन, विनापरवाना फलकांना कायद्यानं बंदी आहे आणि लग्नानंतर महिनाभर ते फाटून विजेच्या तारांना लोंबत राहतात. मुंबईहून त्याला सुट्टी मिळणार असेल तर हळदीच्या संध्याकाळी बोलवा. तिथे त्याला नाचता येईल, आप्पांना त्याला शेजारी बसवून घेता येईल, गावातल्या पोरांना हवे तेवढे फोटो काढता येतील. लग्नाच्याच दिवशी येणार असेल तर टाळी लागल्यावर यायला सांगा. अंतरपाट धरला की मांडवातले सगळे डोळे तुमच्या लेकीकडे हवेत. तिच्या आयुष्यातली ती पाच मिनिटं तिचीच आहेत. त्या मुलालाही हे समजावून सांगितलं तर तो वाईट वाटून घेणार नाही, बहुधा त्यालाच सगळ्यांत आधी पटेल. ओळखीच्या गावात येऊन चार तास कुणीतरी खास होऊन बसायचं, स्वतःच्या चुलतबहिणीशी दोन शब्द बोलायला मिळायचे नाहीत, हे त्यालाही जड जात असणार.

यजमान गप्प आहेत म्हणून त्यांच्यावर रागावू नका. बाप आणि बायको यांच्यामध्ये उभं राहणाऱ्या माणसाला बोलण्यापेक्षा काम सोपं जातं. त्यांना मांडव, कूलर, पाणी आणि पोरांची फौज एवढं सोपवा. ते मन लावून करतील.

आप्पांनी सगळं ऐकूनही नावांसाठी हट्ट धरला, तर एक जागा सोडा. दोन माणसांपुरता सत्कार मांडवात होऊ द्या, तोही टाळी लागल्यावर, पहिली पंगत बसताना. कोणती दोन ते त्यांनीच ठरवावं. पण हे बोलणं पत्रिका छापखान्यात जायच्या आधी उरका, कारण एकदा छापलेलं नाव खोडणं म्हणजे त्या घराशी पिढ्यांचं वैर. आप्पांना सकाळच्या चहाच्या वेळी गाठा, एकट्यानं जा, आणि सोबत घरच्या नावांची यादी न्या. आधी ती यादी त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्या, पुढाऱ्यांचा विषय त्यानंतर काढा.